घरामागच्या अंगणात बसायला पर्गोला करावा की पॉलिकार्बोनेटचं छत?

तुमचं घर लातूरला, मागं १५ बाय १२ फूट मोकळी जागा, आणि संध्याकाळी तिथं चहा घेत बसायचंय. मी अंबाजोगाईची. याच पेचात आमचे पैसे बुडालेत, म्हणून लिहिते. पर्गोला म्हणजे खांबांवर पट्ट्या टाकून केलेलं फटीफटीचं छत, आणि पॉलिकार्बोनेट म्हणजे काचेसारखी दिसणारी प्लास्टिकची शीट.

पारदर्शक पॉलिकार्बोनेट लावू नका. विषय संपला.

चार वर्षांपूर्वी मी घरात सांगत होते की चार खांब रोवू, वर पाइपाची चौकट करू आणि मधुमालती चढवू. पुण्याच्या भावजींनी मोबाइलवर फोटो दाखवला, पांढऱ्या खुर्च्या अन् वर काचेसारखं छत. वर म्हणाले, "वहिनी, वेल म्हणजे सापाला आवतण." झालं! पुण्याचा माणूस बोलला म्हटल्यावर माझं कोण ऐकतंय? फॅब्रिकेटर आला आणि दोन दिवसांत उभं करून गेला.

एप्रिलमध्ये त्याच्याखाली माणूस बसेना. ऊन थेट आत, गरम हवा वर कोंडलेली. पापड मात्र फार छान वाळले. त्यात शीट उलट्या बसवलेल्या. या शीटच्या अतिनील किरणं अडवणारा थर असलेल्या बाजूचं तोंड आभाळाकडं हवं, तसं वरच्या फिल्मवर छापलेलंही असतं. आमच्या गड्यानं फिल्म आधीच सोलून टाकली. दोन वर्षांत सगळं पिवळं पडलं. भोकंही स्क्रूच्या मापाची पाडलेली. उन्हानं शीट वाढते, सरकायला जागा नसली की भोकापासून तडकते. मग मे महिन्यात एका संध्याकाळी अवकाळीचं वारं सुटलं आणि दोन शीट उडून शेजारच्या काकूंच्या कुरडयांवर पडल्या. काकू अजून वाळवणाचा विषय निघाला की माझ्याकडं बघतात.

एक खांबही कलला. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मुरूम लागेपर्यंत खड्डा घेतल्याशिवाय खांब उभा करू देऊ नका, मिस्त्री काहीही म्हणो.

आता पर्गोला. आपल्याकडं मेच्या मध्यात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो, त्यामुळं उभ्या पट्ट्यांच्या फटींतून ऊन सरळ खाली उतरतं. पट्ट्या दक्षिणोत्तर टाका. चार इंच उंचीची पट्टी आणि मध्ये चार इंचाची फट ठेवली तर साडेतीनच्या पुढं वरून ऊन यायचं थांबतं. पूर्व-पश्चिम टाकल्या तर उन्हाळ्यात ऊन दिवसभर फटीफटीनं आत येत राहील. फोटोतल्या पर्गोल्यात हे कोणी सांगत नाही. मावळतीचं आडवं ऊन तर कुठलंच छत अडवत नाही, त्या बाजूला बांबूचा तट्ट्या लावा.

आम्ही शेवटी त्याच चौकटीवर ७५ टक्के ऊन अडवणारं शेडनेट ताणलं, रोपवाटिकेवर टाकतात तेच. वारं त्यातून निघून जातं, उचलून नेत नाही. आणि एका खांबावर मधुमालती चढवली, जी पहिल्या दिवशीच चढवायला हवी होती. तिला मोरीचं पाणी जातं. २०१६ साली ज्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या गावाला पाण्याचं मी काय सांगणार?

हं, हे सगळं उन्हापुरतं. पावसातही तिथंच बसायचं असेल तर नेट गळणार, वेलही गळणार. मग मुकाट पत्रा टाका, घरापासून बाहेर उतार देऊन. वेलीचा पाचोळा रोज झाडावा लागतो, डासही होतात, तेही मान्य.

सापाचं म्हणाल तर चार वर्षांत एकदा धामण निघाली. वेलीत नाही, कोपऱ्यात रचून ठेवलेल्या त्या फुटक्या शीटांखाली. भावजींना फोटो पाठवला. निळी टिक आली, उत्तर अजून नाही.