बोर्डाचं तोंड बघू नका, पोट बघा

प्रश्न : मुलांच्या शिक्षणासाठी आम्ही तासगावहून सांगलीला येतोय. गावभागात एक जुनं दुमजली घर पसंत पडलंय. भिंती भक्कम, दारं सागवानी. पण जिन्याखाली विजेचा बोर्ड आहे तो लाकडी फळीवर, चिनीमातीचे पांढरे फ्यूज आणि बाजूला दांड्याचा लोखंडी मेन स्विच. मालक म्हणतात, "पन्नास वर्षांत एक ठिणगी उडालेली नाही." पुढच्या आठवड्यात इसार द्यायचाय. त्याआधी आमचं आम्हाला बघून काही कळेल का? (एक शिक्षिका, तासगाव)

उत्तर : ताई, चौतीस वर्षं वायरमनकी केली, आणि मालकांचं हे वाक्य इतक्यांदा ऐकलं की हल्ली जिना चढतानाच मी ते मनात म्हणून घेतो. मालक खोटं बोलत नसतात. पण त्या पन्नासातली निम्मी वर्षं घरात चार दिवे, दोन पंखे आणि एक रेडिओ एवढाच संसार होता. तुम्ही गीझर लावणार. तो एकटा दोन हजार वॅटचा, म्हणजे जवळजवळ नऊ अँपिअर. वर इंडक्शन शेगडी, इस्त्री, आणि वैशाखात मुलं एसी मागणारच. तेव्हा बोर्ड किती जुना ते नंतर बघू. ओझं जास्त झालं तर तो वेळेवर वीज तोडेल का, हे आधी बघायचं.

दिवसा जा आणि चांगली बॅटरी न्या. गेल्या गेल्या घरातलं सगळं चालू करायला सांगा, पाण्याच्या मोटारीसकट, आणि अर्धा तास निवांत चहा घ्या. मग बोर्डापाशी जाऊन आधी वास घ्या. तापलेल्या बेकेलाइटचा, म्हणजे जुन्या स्विचांच्या कडक प्लास्टिकचा, वास खवट येतो, थोडा मासळीसारखा. कान द्या, कुरकुर ऐकू आली तर कुठेतरी स्क्रू ढिला आहे. फळीवर फ्यूजच्या मागे चहाच्या डागासारखा तपकिरी डाग दिसला तर तिथे लाकूड वर्षानुवर्षं भाजत आलंय. मात्र त्या लोखंडी मेन स्विचला हात लावू नका. जुन्या घरात त्याचं अर्थिंग शाबूत असेलच असं नाही, आणि नसेल तर त्याची पेटीच कधीतरी जिवंत होऊन बसते.

आत बघायचं ते वायरमनला सोबत नेऊन. झाकण तुम्ही उघडायचं नाही, मालकांनीही नाही. मेन स्विच पाडला तरी मीटरकडून त्याच्यात येणाऱ्या तारा चालूच असतात, हे पुष्कळांना माहीत नसतं.

त्या पांढऱ्या फ्यूजला आम्ही किटकॅट म्हणतो. वाईट वस्तू नव्हे ती. तिच्यात काय भरलंय ते वाईट असतं. कथिलाचा मुलामा दिलेली बारीक फ्यूज वायर असेल तर ठीक. तीसुद्धा तिच्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट करंट गेल्याशिवाय तुटत नाही, पण तुटते तरी. बहुतेक घरांत मात्र पंख्याच्या वायरीतले तांब्याचे चार धागे पिळून घातलेले सापडतात. हरिपूर रोडला एका घरी मला केसाचा आकडा सापडला होता. घरच्या आजी कौतुकानं सांगत होत्या, "पाच वर्षं झाली, फ्यूज म्हणून गेला नाही बघ." कसा जाईल? आकडा जायच्या आधी घर गेलं असतं.

आता फ्यूज मोजा. दोन-दोनच्या जोडीनं असतील तर जुन्या पद्धतीप्रमाणे फेजला (वीज आणणाऱ्या तारेला) एक आणि न्यूट्रलला (परतीच्या तारेला) एक असा फ्यूज टाकलेला आहे. माझ्या मते तुमच्या बोर्डातली सगळ्यांत घातक गोष्ट हीच निघेल, आणि दिसायला ती सगळ्यांत निरुपद्रवी असते. न्यूट्रलचा फ्यूज गेला की दिवा विझतो, पंखा थांबतो, आणि माणसाला वाटतं लाइट गेली. प्रत्यक्षात होल्डरपर्यंत २३० व्होल्ट येऊन उभे असतात. उमेदवारीच्या काळात मिरजेत एका दुकानात मी असाच 'बंद' ट्यूबला हात घातला आणि घोड्यावरून, म्हणजे आमच्या दुपायी शिडीवरून, खाली आलो. मनगटावरची खूण अजून आहे. न्यूट्रलमध्ये फ्यूज टाकू नये, हे १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतच सांगून ठेवलंय. तरी असे बोर्ड आजही भिंतीवर आहेत.

वायर बघायची ती फ्यूजच्या टोकाशी. वरून सुती वेणी आणि आत रबर असेल तर ती हलवूसुद्धा नका. रबर पापडासारखं तुटतं आणि तार उघडी पडते. तार पांढरट दिसली तर ॲल्युमिनियमची. एक काळ घराघरांत तीच टाकत. ती स्क्रूखाली हळूहळू दबते, वर गंज धरते, जोड ढिला पडतो आणि तिथेच तापतो. कोणी नंतर तिला तांब्याची वायर पिळून जोडली असेल तर तो जोड आणखी लवकर कुजतो. या दोन्हींपैकी काही निघालं तर नुसता बोर्ड बदलून भागायचं नाही, सगळं वायरिंग नव्यानं धरा. तांब्याची प्लास्टिक वायर निघाली तर वायरमनला ५०० व्होल्टचा मेगर (तारेवरचं आवरण किती शाबूत आहे ते मोजणारं यंत्र) लावायला सांगा. एक मेगओहमच्या खाली आकडा आला तर वायर कुठेतरी ओलसर किंवा सोललेली आहे.

आणि गावभाग म्हणालात म्हणून विचारतो : पुराचं पाणी कुठवर आलं होतं? २००५, २०१९ आणि २०२१, तिन्ही वेळचं विचारा. मालकांना नको, शेजाऱ्यांना. मालकांनी रंग दिलेला असतो, शेजारी रेघ दाखवतात. जिन्याखालचा बोर्ड म्हणजे कृष्णामाईनं तो बघून ठेवलेला असण्याची शक्यता भरपूर. स्क्रूंवर तांबडा गंज, फ्यूजच्या खाचेत बारीक राखाडी गाळ, ही त्याची खूण. २०१९ च्या पुरानंतर लोकांनी एमसीबी (फ्यूजच्या जागी बसणारे, ओझं वाढलं की आपोआप पडून वीज तोडणारे खटके) काढून उन्हात वाळवल्या, काहींनी तर केस वाळवायचं यंत्र मारलं, आणि परत बसवल्या. बुडालेली एमसीबी वाळते, पण आत गाळ बसून तिची यंत्रणा अडकते. ऐनवेळी पडतच नाही. ती फेकायचीच वस्तू आहे.

घर मात्र सोडू नका. सागवानी दारं पुन्हा मिळायची नाहीत. इसाराआधी परवानाधारक वायरमनकडून अंदाजपत्रक लिहून घ्या आणि तेवढी रक्कम किमतीतून वळती करायला सांगा. नवा बोर्ड वरच्या मजल्यावर घ्या, पुराच्या रेघेच्या चांगला वर. खालच्या मजल्याचं सर्किट वेगळं ठेवा, म्हणजे पाणी चढायला लागलं की तेवढंच तोडता येईल आणि वर दिवा राहील. अर्थिंगचा खड्डा नवा काढा. पूर्वी अर्थची तार नळाच्या लोखंडी पाइपला गुंडाळून मोकळे व्हायचे. पुढे नळ प्लास्टिकचा झाला, तार तिथेच लोंबकळत राहिली, आणि घराचं अर्थिंग गेलं हे कोणाला कळलंही नाही.

प्रश्न : आमचा विश्रामबागचा फ्लॅट बारा वर्षांचा आहे. डीबी (खटक्यांची पेटी) चकचकीत, सगळ्या एमसीबी. एक मोठी, बटनाची एमसीबी सारखी पडायची म्हणून वायरमननं ती काढून तारा थेट जोडल्या. तेव्हापासून काही त्रास नाही. मग आम्ही निर्धास्त ना?

उत्तर : नाही हो. वरच्या ताईंच्या बोर्डापेक्षा मला तुमच्याच बोर्डाची भीती जास्त वाटते, कारण त्यांना निदान शंका तरी आलीय. त्यानं काढली ती एमसीबी नव्हे, आरसीसीबी. एमसीबी वायर वाचवते, आरसीसीबी माणूस वाचवते. जाणारा करंट आणि परत येणारा करंट यांत ३० मिलीअँपिअरचा फरक पडला की ती पडते, कारण तो फरक कोणाच्या तरी अंगातून जमिनीत जात असू शकतो. पाच अँपिअरचा फ्यूज पाच हजार मिलीअँपिअरलाही हलत नाही, आणि माणसाचं काळीज शंभराच्या आसपासही थांबू शकतं.

ती सारखी पडत होती म्हणजे काहीतरी सांगत होती. बहुतेकदा गीझरच्या एलिमेंटमधून करंट गळत असतो. किंवा दोन सर्किटांचे न्यूट्रल कुठल्यातरी बोर्डात एकत्र पिळलेले असतात. घाईच्या कामात हे सर्रास होतं. एकेक सर्किट सोडवून शोधायला अर्धा दिवस जातो, काढून टाकायला पाच मिनिटं. तुमच्या वायरमननं पाच मिनिटांचं काम केलं. नवी बसवून घ्या आणि तिच्यावरचं 'टी' लिहिलेलं बटन महिन्यातून एकदा दाबा. मी दर संकष्टीला दाबतो. गणपतीच्या गावात ही तारीख चुकत नाही.

तिथे उभेच आहात तर एमसीबीवरचे आकडेही वाचा. दिव्या-पंख्यांच्या दीड एमएमच्या वायरीला ६ किंवा १० ची एमसीबी हवी. तिथे ३२ दिसली तर 'पडते' म्हणून कोणीतरी मोठी घातलीय. भिंतीतली वायर आधी वितळेल, ती नंतर पडेल.

प्रश्न : मुलगा अमेरिकेत जुनं घर बघतोय. तिकडचे इन्स्पेक्टर विजेच्या पॅनेलचं नुसतं नाव वाचूनच 'बदला' असा शेरा देतात म्हणे. हे खरं का? (एक निवृत्त वाचक, मिरज)

उत्तर : खरं आहे, आणि त्याला कारणही आहे. १९५० ते १९८० च्या दशकांत तिकडे लाखो घरांत फेडरल पॅसिफिक कंपनीची 'स्टॅब-लॉक' पॅनेल बसली. त्यांतले ब्रेकर लोड वाढला तरी कित्येकदा पडत नाहीत. झिन्स्को नावाच्या पॅनेलमध्ये ब्रेकर तापून ॲल्युमिनियमच्या बसबारला (आतल्या वीज वाहणाऱ्या पट्टीला) चिकटतात. दांडा बंद दाखवतो आणि आत करंट चालूच. दिसायला ही पॅनेल ठणठणीत असतात, म्हणून इन्स्पेक्टर नाव वाचून थांबतो. साहेब, आपला किटकॅट परवडला, निदान वितळतो तरी. मुलाला म्हणावं, पॅनेल बदलण्याचा खर्च किमतीतून कापून घे. आणि तिकडे व्होल्टेज निम्मा असतो असं ऐकून तुम्ही गेल्यावर स्वतः झाकण उघडायला जाऊ नका. साध्या प्लगला १२० असले तरी पॅनेलमध्ये २४० च येतात.