एमएस्सी फिजिक्सचं एक वर्ष जर्मनीत करायची संधी आली आहे. जावं, की वर्ष वाया जाईल?

जा. मी इंटिग्रेटेड एमएस्सीचं चौथं वर्ष ग्योटिंगेनला काढलं. वर्ष वाया गेलं नाही, पण सहा महिने गेले, आणि त्यात चूक निम्मी माझीच. तिथला कुठला विषय इकडे कशाच्या बदल्यात धरणार, हे मी नुसतं तोंडी विचारून निघाले होते. "या जाऊन, बघू" असं उत्तर मिळालं होतं. परत आले तर बघणारे बदलून गेले होते आणि मला इलेक्ट्रोडायनॅमिक्स ज्युनिअर पोरांबरोबर पुन्हा द्यावा लागला. विषयांची यादी करा, त्यावर सही-शिक्का घ्या आणि मगच तिकीट काढा.

तिकडे काही वेगळं फिजिक्स शिकवतात अशी कल्पना असेल तर सोडून द्या. हॅमिल्टोनियन (ऊर्जेचं गणिती सूत्र) तोच, फळ्यावरचा खडूही तोच. मास्टर्सचे तास इंग्रजीतून होतात. वेळापत्रकात 10 लिहिलं असेल तर तास सव्वादहाला सुरू होतो; हे ठाऊक नसल्यामुळे पहिल्या दिवशी मी रिकाम्या वर्गात एकटीच बसले होते. तास संपला की टाळ्या न वाजवता सगळे बाकावर टकटक करतात.

फरक आहे तो गृहपाठात. दर आठवड्याला प्रत्येक विषयाचा गणितांचा एक कागद मिळतो. जोडीने सोडवायचा, द्यायचा आणि पुढच्या तासाला कुणीतरी उठून फळ्यावर करून दाखवायचं. माझ्या बहुतेक विषयांत निम्मे गुण जमले नाहीत तर परीक्षेलाच बसता येत नव्हतं. आपल्याकडे शेवटच्या पंधरा दिवसांत जागून पास व्हायची जी विद्या आहे, तिचा तिथे काडीचा उपयोग नाही. पहिले दोन महिने माझे रविवार त्या कागदांनी खाल्ले. (गुण उलटे असतात, 1.0 सगळ्यात वरचा. फोनवर "1.7 मिळाले" म्हटल्यावर आईने काळजीने "किती पैकी?" असं विचारलं होतं.)

आणि प्रयोगशाळा. फ्रँक-हर्ट्झचा प्रयोग तुम्ही केला असेल: तापवलेल्या नळीत पाऱ्याची वाफ, त्यातून इलेक्ट्रॉन सोडायचे आणि व्होल्टेज वाढवत न्यायचं. साधारण दर 4.9 व्होल्टला करंट धाडकन पडतो, कारण तेवढी ऊर्जा पाऱ्याचा अणू खाऊन टाकतो. इकडे उत्तर 4.9 आलं नाही तर दोन रीडिंग 'सरळ' करून जर्नलवर सही घ्यायची, हे मी वेगळं सांगायला नको. तिथे आम्ही करंटच्या लागोपाठच्या दोन घसरणींमधली सगळी अंतरं मोजली, सरासरी काढली, 4.9 च्या अगदी जवळ आली. खुशीत अहवाल दिला. तो परत आला, वर पेन्सिलीने एकच ओळ: "अंतरं वाढत चालली आहेत. का?"

पाहिलं तर खरंच पहिलं अंतर सगळ्यात लहान, शेवटचं सगळ्यात मोठं. इलेक्ट्रॉनकडे पुरेशी ऊर्जा जमली म्हणून त्याच क्षणी धडक होत नाही. पुढचा अणू भेटेपर्यंत तो आणखी थोडा पळतो आणि तेवढ्यात जास्तीची कमाई करतो. व्होल्टेज जितकं वर, तितकी ही कमाई जास्त. म्हणजे सरासरी काढून आम्ही प्रयोगातली सगळ्यात मजेची गोष्टच पुसून टाकली होती. तो अहवाल तीनदा लिहिला. पुढे पीएचडीच्या मुलाखतीत वाया गेलेल्या सहा महिन्यांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही, या प्रयोगाच्या आलेखावर मात्र बराच वेळ घेतला.

पैशांचं म्हणाल तर एक्सचेंजवर गेल्यामुळे ट्युशन फी नव्हती, सत्राची किरकोळ वर्गणी तेवढी. पण स्कॉलरशिप नसेल तर व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधी 'ब्लॉक्ड अकाउंट'मध्ये (पैसे एकदम काढता येत नाहीत असं खातं) दाखवावा लागतो. सप्टेंबर 2024 पासून ती रक्कम 11,904 युरो आहे आणि दरमहा 992 युरोच काढता येतात. घरच्यांशी हा आकडा आत्ताच बोलून ठेवा.

डिसेंबरात चार-सव्वाचारला अंधार पडतो आणि रविवारी दुकानं बंद असतात. अशाच एका रविवारी गावातल्या स्मशानभूमीत गेले. क्वांटमची सुरुवात करणाऱ्या माक्स प्लांकच्या दगडावर खाली h ची, म्हणजे प्लांकच्या स्थिरांकाची, किंमत कोरलेली आहे, क्वांटम मेकॅनिक्स घडवणाऱ्यांपैकी माक्स बॉर्नच्या दगडावर त्याचं pq − qp चं समीकरण. नाझींनी 1933 मध्ये बॉर्नला इथून घालवलं आणि 1935-36 च्या हिवाळ्यात तो सी. व्ही. रामन यांच्या बोलावण्यावरून बंगळूरला येऊन राहिला होता. हे मला आपल्याकडे कुणी सांगितलं नव्हतं, तिथल्या वर्गमित्राकडून कळलं. थोडी लाजच वाटली.

जर्मन थोडी तरी शिकून जा. वर्गात नाही लागत, पण प्रयोगाच्या टेबलावर जोडीदार घाईत आला की जर्मनवरच येतो. आणि वसतिगृहाच्या खोलीचा अर्ज प्रवेशाचं पत्र हातात पडेल त्याच दिवशी करा. मी महिनाभर थांबले, तर सुरुवातीचे तीन आठवडे एका नागपूरच्या ताईच्या स्वयंपाकघरात गादी टाकून झोपत होते.