कूलंट उडून जात नाही हो, वॉटर पंप बघा

तुमचा प्रश्न वाचला आणि पोटात गोळाच आला. इंजिन गार ठेवणाऱ्या कूलंटची टाकीतली पातळी दर आठवड्याला बोटभर खाली, पार्किंगमध्ये एक थेंब नाही, आणि सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात ‘थोडं उडून जातं, टॉपअप करत राहा’. ही माझीच 2019 सालची गोष्ट. फरक एवढाच की मी तेव्हा कुणाला विचारलं नाही.

मी मेकॅनिक नाही, मार खाल्लेला गाडीमालक आहे. माझ्या गाडीत कूलंट फिरवणारा हा पंप इंजिनाच्या कव्हरमागच्या टायमिंग बेल्टवर फिरायचा. तुमचा बाहेरच्या बेल्टवर असेल तर काम बरंच सोपं आणि स्वस्त, त्यामुळे आधी ते बघा.

कूलंटची यंत्रणा बंद असते, दाबाखाली असते. अर्धा लिटर कमी झालं तर ते कुठून तरी गळतंय नाहीतर इंजिनात जळतंय. खाली डाग पडत नाही कारण इंजिनाखालचं प्लॅस्टिकचं कव्हर थेंब झेलतं, बाकीचं गरम ब्लॉकवरच वाळतं. पंपाच्या अंगाला पुलीच्या मागे बारीक भोक असतं, वीप होल. आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये शिरू नये, तिथून बाहेर पडावं, म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं असतं. तिथे जुना पुसट डाग चालतो. ओलसर गुलाबी किंवा हिरवट खपली असेल तर पंपाचे दिवस भरले. पंप टायमिंग कव्हरच्या आत असेल तर कव्हरच्या खालच्या कडेला ओघळ शोधा. आणि ते भोक एमसील लावून बुजवू नका, असे महाभाग मी पाहिलेत.

आता माझा मूर्खपणा. 80,000 किलोमीटरला टायमिंग बेल्ट बदलला. मी विचारलं, पंपही टाकायचा का? सल्लागार म्हणाला, ‘चालू पंपाला कशाला हात लावता सर?’ मला बरंच वाटलं, 2,600 रुपये वाचले. पंपापर्यंत पोचायला तेच सगळं परत खोलावं लागतं, लेबर दुसऱ्यांदा पडतं, हे ना त्याने सांगितलं ना मला सुचलं.

नऊ महिन्यांनी कूलंट कमी व्हायला लागलं. तीन चकरा मारल्या. पहिल्यांदा टोपण बदललं, दुसऱ्यांदा थर्मोस्टॅट, तिसऱ्यांदा कूलंट फ्लश करून बिल हातात दिलं. जॉब कार्डवर प्रत्येक वेळी ‘गळती आढळली नाही’. यंत्रणेत दाब भरून गळती शोधणारा प्रेशर टेस्टर लावायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, पण तो कुणी लावला नाही. वातानुकूलित लाउंज आणि कॉफी मात्र दर वेळी चोख!

मग नोव्हेंबरात कोल्हापूरला लग्न. खंबाटकी घाटाच्या चढाला तापमानाची सुई वर चढायला लागली. मी एसी बंद केला, काचा खाली घेतल्या, हीटर फुल केला. उपाय बरोबर आहे, पण आत कूलंट असेल तर. दोन वळणांनी हीटरमधून गार हवा यायला लागली आणि सुईही खाली आली. बायको म्हणाली, ‘अहो, झाली बघा गार.’ मीही हुश्श केलं. खरं तर आत पाणीच उरलं नव्हतं. तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असला तरच बरोबर सांगतो, कोरडा पडला की त्याचा आकडा खोटा. हीटरही गरम कूलंटवरच चालतो, म्हणून हवा गार. त्या खुशीत मी गाडी आणखी अडीच किलोमीटर रेटली. माथ्यावर इंजिनाने मान टाकली.

इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, वाकलं होतं. फेसिंग (हेड सपाट करणं), हेडखालचं गॅस्केट, कूलंटने भिजलेला बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर, पंप आणि टोइंग धरून 47,300 रुपये. सुई अचानक खाली आली आणि हीटर गार पडला, तर गाडी जागच्या जागी बंद करा. लग्न चुकलं तरी चालेल.

बदलताना बेल्ट, टेन्शनर आणि पंप एकत्रच टाका. टायमिंग चेनवाल्यांना हे तसंच लागू नाही. जुना पंप दुकानात घेऊन जा आणि आतला पंखा नव्याशी ताडून बघा. सांध्यावर सिलिकॉन थापणाऱ्या मिस्तरीला आवरा, जास्तीचे गोळे सुटून रेडिएटरमध्ये अडकतात. सोसायटीच्या टँकरचं पाणी तर अजिबात नको. बोअरचं पाणी जड, आत क्षार धरतं आणि सीलही खातं. मी दोन महिने तेच ओतत होतो, म्हणजे पंप मीही मारला असं म्हणा. डिस्टिल्ड वॉटर आणि कंपनीने सांगितलेलं कॉन्सन्ट्रेट कूलंट अर्धं-अर्धं. रंगावर जाऊ नका, गुलाबी सगळं एकच नसतं. भरल्यावर हीटर चालू ठेवून एअर काढायला सांगा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी गार असताना, पातळी परत बघा.

आधी एखाद्या साध्या, विश्वासाच्या गॅरेजात प्रेशर टेस्ट करून घ्या. बाहेर कुठेच गळती निघाली नाही तर हेड गॅस्केट तपासा, ते दुखणं वेगळं. आणि पंप घ्यायला पुण्याच्या नाना पेठेत जाणार असाल तर दुचाकीने जा, तिथे कार लावायला जागा शोधण्यातच अर्धा दिवस जातो.