जुन्या युद्धनौकेचं नाव नव्या नौकेला का देतात?

जहाज भंगारात जातं, नाव मात्र नौदल जपून ठेवतं. पहिली 'विक्रांत' १९६१ ते १९९७ सेवेत होती. पुढे मुंबईत तिचं संग्रहालय झालं, शेवटी तिथल्याच दारूखाना या जहाजं तोडायच्या भागात ती तोडली गेली (तेव्हा फार वाईट वाटलं होतं). २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत नवी 'विक्रांत' दाखल झाली. नौकेचा ओळख क्रमांकही जुनाच, आर ११.

बुडालेल्या जहाजाचं नाव अशुभ म्हणून पुन्हा देत नाहीत असं कुणाला वाटेल, पण ते खरं नाही. ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ 'खुकरी' बुडाली, कॅप्टन मुल्लांसह १९४ जण गेले. तेच नाव १९८९ मध्ये माझगाव डॉकने बांधलेल्या नौकेला दिलं. पाणबुड्यांतही तेच: कलवरी, खांदेरी, करंज, सगळी दुसऱ्या पिढीची नावं. त्यातलं खांदेरी म्हणजे अलिबागसमोरचा शिवकालीन जलदुर्ग.