तारापूरची अणुभट्टी अणुबॉम्बसारखी फुटू शकते का?

नाही, तिचं इंधनच तसं नसतं. युरेनियमचा सहज फुटणारा प्रकार म्हणजे युरेनियम-२३५. त्याच्या केंद्रकात न्यूट्रॉन शिरला की ते दुभंगतं. ऊर्जेबरोबर दोन-तीन नवे न्यूट्रॉन सुटतात आणि पुढची केंद्रकं फोडतात. हीच साखळी. बॉम्बमध्ये युरेनियम-२३५ चं प्रमाण ८०-९० टक्के लागतं, तारापूरच्या १९६९ मधल्या भट्ट्यांत तीन टक्क्यांहूनही कमी.

खरी गंमत पुढेच आहे. शंभरात एकापेक्षाही कमी न्यूट्रॉन काही सेकंद उशिरा निघतात. या मूठभर रेंगाळणाऱ्यांमुळेच नियंत्रक कांड्या (न्यूट्रॉन शोषून साखळी आवरणाऱ्या) आत-बाहेर करायला वेळ मिळतो! (जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुभट्ट्यांत २०११ मध्ये स्फोट झाले ते हायड्रोजन वायूचे, साखळी तर भूकंप होताच थांबली होती.)