श्टुटगार्टचा वाझन: आई-बाबांना न्यावं का?

प्रश्न: आम्ही जर्मनीत श्टुटगार्टला राहतो, सप्टेंबरअखेर आई-बाबा येतायत. इथला सुगीचा मेळा, वाझन, म्हणजे नुसती बिअर असं ऑफिसात सगळे सांगतात, दोघंही माळकरी, मग न्यावं की नको?

उत्तर: अहो न्या की! बिअरचे तंबू आहेत, आणि संध्याकाळी तिथे बाकांवर चढून नाचतातही, पण मूळ गोष्ट वेगळीच आहे. 1815 ला इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला, त्याची राख आभाळात पसरून पुढच्या वर्षी इकडे उन्हाळाच आला नाही, पिकं गेली, माणसं उपाशी राहिली, आणि मग जरा बरं पीक आल्यावर 1818 मध्ये राजा विल्हेल्म आणि राणी काथारिनानं शेतकऱ्यांसाठी हा मेळा सुरू केला. मैदानातला फळं-भाज्यांनी सजवलेला 26 मीटर उंच खांब त्याचीच खूण, बाबांचा फोटो तिथेच काढा. एंट्री फ्री आहे. शनिवार टाळा, आठवड्याच्या मधल्या वारी दुपारी जा, गर्दी कमी असते.

खाण्याचं मात्र बघून हां. त्स्वीबेलकूखन म्हणजे कांद्याचा केक, ऐकायला आपला वाटतो पण त्यात बहुतेकदा डुकराचं मांस असतं (आणि माळकऱ्यांना कांदाही चालत नसेल तर विषयच संपला). भाजलेले बदाम घ्या, गरमागरम, साखरेत घोळलेले, आपल्या जत्रेतल्या चिक्कीची आठवण येते. आणि हो, मुंबई नि श्टुटगार्ट 1968 पासून जुळी शहरं आहेत, हे बाबांना नक्की सांगा!