मेकअपचं सामान विकणारी आणि राजकीय पार्टीसाठी पैसे गोळा करणारी बाई थेट राजदूत कशी काय होते?

तुम्ही प्रश्नात अमेरिकेच्या पोलंडमधल्या माजी राजदूत जॉर्जेट मॉसबॅकरचं नाव घेतलंय आणि खाली "मग यूपीएससीला वर्षानुवर्षं घासणाऱ्यांनी काय करायचं" असा टोमणाही मारलाय. एरवी वाचून पुढे गेले असते, पण ही बाई आमच्या घरात २०१८ पासून भांडणाचं कारण आहे, म्हणून लिहिते.

कोल्हापूरजवळच्या एका गावात माझं कॉस्मेटिक्स आणि इमिटेशन ज्वेलरीचं दुकान आहे. ट्रम्पनं हिला पोलंडला राजदूत म्हणून पाठवलं तेव्हा आमच्या भाऊजींनी, म्हणजे धाकट्या दिरांनी, रिटायर्ड हेडमास्तर आहेत ते, फॅमिली ग्रुपवर तिचा फोटो टाकला. लाल केस, गळ्यात मोती, आणि खाली लिहिलं, "वहिनी, तुमच्या लाईनमधली बाई बघा कुठं पोचली, लागा तयारीला." जावा, भाचे, सगळ्यांनी हसून घेतलं. मीही अंगठा दिला. पण रात्री दुकानाचा हिशोब बाजूला ठेवून तिच्याबद्दल मिळेल ते वाचत बसले, कारण भाऊजींशी वाद घालायचा तर हातात कागद लागतो, नुसतं तोंडी बोललेलं त्यांना चालत नाही.

तर लिपस्टिक विकता विकता एक दिवस उठली आणि राजदूत झाली असं काही नाहीये. इंडियानातल्या हायलंड गावची, सात वर्षांची असताना वडील अपघातात गेले, चार भावंडांत थोरली. दुसरा नवरा फॅबर्जेचा प्रमुख, ब्रूट आफ्टरशेव्हची हिरवी बाटली आठवत असेल तर तीच कंपनी. तिसरा रॉबर्ट मॉसबॅकर, टेक्ससमधला तेलवाला, थोरल्या बुशच्या मंत्रिमंडळात वाणिज्य मंत्री. नवऱ्यांमुळे दारं उघडली हे कबूलच आहे. पण १९८८ मध्ये गुंतवणूकदार उभे करून तिनं ला प्रेरी ही स्विस क्रीमची महागडी कंपनी घेतली आणि १९९१ मध्ये बायर्सडॉर्फला विकली. बायर्सडॉर्फ म्हणजे निव्हियावाले, माझ्या काउंटरवर ज्यांची निळी डबी सगळ्यात पुढं असते ते. पुढं बोर्गेझे नावाच्या कंपनीची सीईओ होती, आणि हे सगळं चालू असताना रिपब्लिकन पार्टीसाठी वर्षानुवर्षं पैसा उभा करत होती, पार्टीच्या राष्ट्रीय समितीच्या फायनान्स कमिटीची को-चेअर वगैरे.

"पैसे गोळा करणं ही काय लायकी झाली?" हे भाऊजींचं वाक्य. तुमच्याही प्रश्नात जवळजवळ हेच आहे, आणि इथंच माझं डोकं फिरतं.

आमच्या गावात ब वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे. छत असं गळायचं की पावसाळ्यात जुने दिवाळी अंक टेबलावर उलटे पसरून वाळवायला लागायचे. कार्यकारिणीत सगळे मास्तर, प्राध्यापक आणि एक वकील. ठराव एकदम झकास लिहितात, पण वर्गणी मागायला बाहेर पडायची वेळ आली की सगळ्यांना एकदम बीपी. मग ठरलं की वहिनींना सांगू, त्यांची बाजारात ओळख आहे.

वर्गणी मागायला काय लागतं हे न मागणाऱ्याला कळत नाही. भवानीच्या आधी कुणाच्या दुकानात पाय ठेवायचा नाही. बाजाराच्या दिवशी जायचं नाही. पावती पुस्तकातली पहिली पावती मोठ्या आकड्याचीच फाडायची, मग त्यासाठी घरच्या माणसाला धरायला लागलं तरी चालेल, कारण पुढचा प्रत्येक जण पुस्तक हातात घेतो ते आधी मागची स्थळप्रत उलटून बघायला, शेजाऱ्यानं किती दिले ते. आणि नाही म्हटलं की वाद घालायचा नाही, चहा घ्यायचा, घरच्यांची चौकशी करायची, उठायचं, परत यायचं.

मार्केट यार्डात गुळाचे दोन मोठे अडते आहेत, नावं घेत नाही, दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद. पहिल्यानं गुळाचा खडा आणि पाणी पुढं केलं आणि म्हणाला, "वहिनी, हल्ली वाचतंय कोण?" मी वाचनसंस्कृतीवर भाषण दिलं नाही. त्याची पुतणी आमच्याच वाचनालयात बसून अभ्यास करून तलाठी झालेली, तेवढी आठवण काढली आणि गप्प बसले. थोड्या वेळानं तोच म्हणाला, पाटी कुठं लागणार? म्हणजे गाडी रुळावर आली. वडिलांच्या नावाची संगमरवरी पाटी हॉलमध्ये पाहिजे, मोठी पाहिजे. हे यार्डात पसरायला कितीसा वेळ लागतो, दुसऱ्या अडत्याचा निरोप आला, मी जास्त देतो पण माझी पाटी त्याच्यापेक्षा मोठी आणि हॉलमध्येच. आता दोघांचेही पैसे पाहिजेत आणि हॉलमध्ये भिंत एकच मोकळी, बाकी सगळी कपाटं. कार्यकारिणीची यावर रात्री बारापर्यंत मीटिंग झाली आणि ठरलं काय, तर उपसमिती नेमायची! मी दुसऱ्या दिवशी दोन्ही पाट्या एकाच मापाच्या करायला टाकल्या. एक हॉलमध्ये पेपरच्या टेबलामागं, दुसरी बाहेर दारावर, जिथं चपला काढतात तिथं. हॉलवाल्याला सांगितलं, कुठलाही कार्यक्रम झाला की पेपरातल्या फोटोत मागं तुमचीच पाटी येणार. दारावाल्याला सांगितलं, आत सभासदच येतात, दारावरून सगळा गाव जातो. दोन्ही गोष्टी शंभर टक्के खऱ्या. दोघंही आजपर्यंत समजतात की आपल्यालाच चांगली जागा मिळाली, आणि छतही झालं. आता ह्याला डिप्लोमसी म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

उद्घाटनाला आमदार आले. स्टेजवर खुर्च्या कार्यकारिणीला, माझ्या हातात औक्षणाचं तबक. पुढच्या सभेत अध्यक्षपदाचा विषय निघाला तेव्हा ग्रंथपाल बाईंनी माझं नाव सुचवलं. भाऊजी उठून म्हणाले, "निधी संकलन हे एक काम झालं. संस्था चालवायला व्यासंग लागतो, ते लाली-पावडर विकण्याइतकं सोपं नाही." सगळे हसले. अध्यक्ष कोण झालं असेल ते सांगायची गरज नाही.

आता पोलंड बघा. पोलंडशी आमचा संबंध तसा जुना आहे. मी माल उचलते ते गांधीनगर म्हणजे जुना वळिवड्याचा पोलिश कॅम्प, रशियानं सैबेरियात नेऊन टाकलेल्या पोलिश लोकांपैकी सुमारे पाच हजार जण, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ तिथं राहिले. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, २०२४ मध्ये मोदी तिथं जाऊन आले. भाऊजींचं यावर तासाभराचं व्याख्यान आहे, चांगलं असतं. पण आजच्या पोलिश माणसाला अमेरिकेकडून काय पाहिजे होतं? व्हिसाची कटकट नको होती, बास. २००३ मध्ये अमेरिकेबरोबर इराकमध्ये सैन्य पाठवलं, तरी २००८ मध्ये चेक, स्लोव्हाकिया, हंगेरी सगळ्यांना व्हिसामाफी मिळाली आणि पोलंड तसाच राहिला, कारण पोलिश लोकांना व्हिसा नाकारण्याचं प्रमाण जास्त होतं, आणि पुढं तर नियम असा की ते ३ टक्क्यांच्या खाली पाहिजे. व्यासंगी राजदूत येऊन गेले, सहानुभूती दाखवून गेले. ही आली आणि तिनं हा एकच विषय लावून धरला, जाईल तिथं ३ टक्के, ३ टक्के, ज्यांचे कागद पक्के आहेत त्यांनी या वर्षी अर्ज कराच असं सांगत राहिली. म्हणजे मंजूर होणारे अर्ज वाढवा, टक्का आपोआप खाली येतो. हे डोकं धंद्यातल्या माणसाचंच. २०१८ च्या आर्थिक वर्षात जवळपास ४ टक्के असलेलं प्रमाण २०१९ ला २.७६ वर आलं आणि ११ नोव्हेंबर २०१९ ला, पोलंडच्या स्वातंत्र्यदिनीच, व्हिसामाफी लागू झाली.

तिची फजिती पण झालीये आणि ती भाऊजींना तोंडपाठ आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये तिनं पोलंडच्या पंतप्रधानांना पत्र लिहिलं, ते फुटलं, आणि त्यात पंतप्रधानांच्या आडनावाचंच, मोराव्हिएत्स्कीचं, स्पेलिंग चुकलेलं. पोलंडभर हसं झालं. "शिकलेला माणूस असं करत नाही." बरं, पण पत्र कशाबद्दल होतं? टीव्हीएन ही अमेरिकन मालकीची वाहिनी, तिच्या पत्रकारांनी नवनाझींचं छुपं चित्रीकरण केलं तर उलट त्यांच्याच कॅमेरामनच्या दारात सुरक्षा यंत्रणा पोचली, त्याबद्दल होतं. शुद्धलेखन तपासणारी माणसं दूतावासात पगारावर असतात, पत्र पाठवायचं धाडस पगारावर मिळत नाही. नंतर २०२० मध्ये समलिंगी लोकांच्या प्रश्नावर पोलंड इतिहासाच्या चुकीच्या बाजूला आहे असं तिथल्याच मुलाखतीत सांगून मोकळी झाली, आणि ती ट्रम्पची माणूस, हे लक्षात घ्या.

आता तुमचं मूळ म्हणणं. हो, अमेरिकेत पदं वाटली जातात, ते मी नाकारत नाही. साधारण तीनातला एक राजदूत परराष्ट्र खात्याबाहेरचा असतो, ट्रम्पच्या काळात त्याहून जास्त. राष्ट्राध्यक्ष नाव पाठवतो, सिनेटची कमिटी सुनावणी घेते, सिनेट मंजूर करते, झालं. १९८० च्या त्यांच्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय की निवडणुकीला दिलेली देणगी हा नेमणुकीचा निकष असू नये, आणि तो कायदा दोन्ही पक्ष गुंडाळून ठेवतात. निक्सनच्या वकिलानं तर देणगीच्या बदल्यात राजदूतपदाचा शब्द दिल्याचा गुन्हा १९७४ मध्ये कबूल केला होता. ओबामांनी नॉर्वेसाठी एका हॉटेलवाल्या देणगीदाराचं नाव दिलं, त्यानं सुनावणीत नॉर्वेला राष्ट्राध्यक्ष असतो असं सांगितलं, तिथं राजा आहे! गेला बिचारा परत (पुढं बायडेननी त्यालाच ग्रीसला पाठवलं, ते वेगळं). तेव्हा सगळे देणगीदार मॉसबॅकर नसतात. शिवाय दूतावासात दोन नंबरला मुरलेला अधिकारी असतो, रोजचा गाडा तो ओढतो, आणि व्हिसामाफीचं सगळं श्रेयही हिचं नाही, दोन्ही सरकारांना ती पाहिजे होती. हे सगळं मला मान्य आहे. मला राग आहे तो "मेकअपवाली" म्हणण्याचा. तेलवाला, हॉटेलवाला, वकील राजदूत झाला तर कुणी म्हणत नाही की हा डिझेल विकायचा.

आपल्याकडं हे फार कमी आहे, बहुतेक पदं परराष्ट्र सेवेचीच. अपवाद विजयालक्ष्मी पंडित, अमेरिकेत गेलेले पालखीवाला, आपले औंधचे अप्पासाहेब पंत, यातलं कुणी देणगी देऊन गेलेलं नाही. म्हणजे तुमची जागा कुणी पैसेवाला खाणार ही भीती काढून टाका आणि अभ्यास करा. फक्त एक करा, सुट्टीत कुठल्याही दुकानाच्या काउंटरवर उभे राहा, किंवा गणपतीत मंडळाचं पावती पुस्तक घेऊन फिरा, आणि नाही म्हणणाऱ्याच्या दारात परत जाऊन बघा. इंटरव्ह्यूच्या क्लासमध्ये हे शिकवत नाहीत, आमच्या भाऊजींना तर हेडमास्तर होऊनही आलं नाही.

आता वाचनालयाला वरच्या मजल्यावर अभ्यासिका काढायचीये. अध्यक्षमहाशय गेल्या आठवड्यात स्वतः दुकानात आले, स्टुलावर बसले, कधी नव्हे ते चहा पण घेतला आणि म्हणाले, वहिनी, यार्डातल्या त्या दोघांना पुन्हा भेटायला पाहिजे. मी म्हटलं भेटते की, आधी कार्यकारिणीत घेतल्याचा ठराव करा, नावासकट, सहीशिक्क्यासकट. ते म्हणाले, हे तर पद विकत घेणं झालं. मी म्हटलं, होय भाऊजी. ठराव अजून आलेला नाही, पावती पुस्तक गल्ल्याखाली कुलपात आहे.